चढावर गाडी ‘मिसिंग’ का मारते?

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी शहापूरपर्यंत छान धावते. मग कसारा घाट सुरू होतो. पुढे कंटेनर रांगत असतो, मागून बसचा हॉर्न वाजत असतो. चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी पुढे झेपावण्याऐवजी आचके द्यायला लागते. मागच्या सीटवरून आजी विचारते, ‘‘पेट्रोल संपलं का रे?’’ पेट्रोल तर अर्धी टाकी असते. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. घाट संपून इगतपुरीची सपाटी लागली की सगळे पुन्हा सुरळीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात उभी केल्यावर गाडी इतकी शांत चालते की मेकॅनिक म्हणतो, ‘‘साहेब, काही प्रॉब्लेम दिसत नाही.’’

चित्र अनेकांच्या ओळखीचे आहे. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. म्हणजे इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये जो जाळ व्हायला हवा, तो होत नाही किंवा अर्धवट होतो. प्रश्न असा, की हा दोष नेमका जोर लावतानाच का दिसतो? आणि उभ्या गाडीत तो लपून कुठे बसतो?

याचे उत्तर डॉक्टरांच्या दवाखान्यात सापडते. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा झोपवून काढलेला ईसीजी कधी कधी अगदी नॉर्मल येतो. मग त्याला ट्रेडमिलवर चालवून पुन्हा आलेख काढतात. विश्रांतीत हृदयाची रक्ताची गरज कमी असते, त्यामुळे अरुंद झालेली रक्तवाहिनीही ती भागवते. गरज वाढली की मात्र ती अपुरी पडते आणि दोष आलेखावर उमटतो. इंजिनाचेही तसेच आहे. घाट ही त्याची ट्रेडमिल असते.

सेकंदाला शंभर ठिणग्या

निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले. आजची पेट्रोल गाडी त्याच तत्त्वावर चालते. पहिल्या टप्प्यात सिलिंडर हवा आणि इंधन आत ओढतो, दुसऱ्यात पिस्टन ते मिश्रण दाबतो, तिसऱ्यात ठिणगी पडून ते पेटते आणि पिस्टनला खाली ढकलते, चौथ्यात जळालेला धूर बाहेर जातो. चारांपैकी फक्त तिसरा टप्पा कमावता. बाकीचे तीन त्याच्या जिवावर चालतात.

टॅकोमीटरचा काटा तीन हजारांवर असतो, तेव्हा क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो. दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ आणि चार सिलिंडरच्या इंजिनात १०० ठिणग्या. त्यातल्या एका सिलिंडरच्या ठिणग्या चुकू लागल्या की चौथा हिस्सा ताकद जाते. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना तीनच सिलिंडर असतात, तिथे तिसरा हिस्सा. आचके जाणवतात ते यामुळे. चालणाऱ्या माणसाचे एक पाऊल मध्येच खड्ड्यात पडावे, तसे.

मिश्रण नीट पेटायला तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा आणि इंधन, पुरेसा दाब आणि वेळेवर पडलेली जोरदार ठिणगी. पेट्रोलच्या बाबतीत एक किलो इंधनामागे साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण योग्य मानले जाते. जोर लावताना या तिन्ही गोष्टींची परीक्षा होते. सर्वात आधी नापास होते ती बहुधा ठिणगी.

दाब वाढला की ठिणगी अडते

गाडी न्यूट्रलवर उभी असते तेव्हा हवेची वाट जवळपास बंद असते. सिलिंडरमध्ये थोडीच हवा शिरते. ॲक्सिलरेटर दाबला की ही वाट उघडते, भरपूर हवा आणि त्या प्रमाणात इंधन आत येते. जागा तेवढीच, माल मात्र कितीतरी जास्त. त्यामुळे ठिणगी पडण्याच्या क्षणी सिलिंडरमधला दाब काही पटींनी वाढलेला असतो.

इथे १८८९ मधला एक नियम आडवा येतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी वायूतून ठिणगी उडवायला किती व्होल्ट लागतात, याचे प्रयोग केले. त्यांना आढळले की हे व्होल्टेज दोन टोकांमधले अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. दाब वाढला की वायूचे कण दाटीवाटीने बसतात आणि विजेला त्यांच्यातून वाट काढणे अवघड जाते. शांत चालणाऱ्या इंजिनात साधारण दहा हजार व्होल्टच्या आसपास काम भागते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जावे लागते.

एवढे व्होल्ट १२ व्होल्टच्या बॅटरीतून येतात कुठून? इग्निशन कॉइलमधून. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे कामाला येते. कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडायची, चुंबकीय क्षेत्र तयार होऊ द्यायचे आणि मग वीज एकदम तोडायची. क्षेत्र कोसळते आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये प्रचंड व्होल्टेज निर्माण होते. ते प्लगच्या टोकाशी पोहोचते आणि जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडते.

आता प्लग जुना झाला असे समजा. रोजच्या लाखो ठिणग्यांनी त्याची धातूची टोके झिजतात आणि फट रुंदावते. ०.८ मिलिमीटरची फट १.२ झाली की अंतर दीडपट झाले. त्यात घाटातला दाब. पाशेनच्या गुणाकारातले दोन्ही आकडे एकदम वाढले. उभ्या गाडीत याच झिजलेल्या प्लगवर ठिणगी पडते, कारण दाब कमी असतो. घाटात कॉइलची ताकद अपुरी पडते.

दुसरी शक्यता अधिक गमतीशीर आहे. वीज नेहमी सोपी वाट शोधते. सिलिंडरच्या आत दाब वाढला, पण प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग बाहेर साध्या हवेत असतो. तिथे दाब वाढलेला नसतो. त्या भागाला केसाइतकी चीर असेल, कॉइलचे रबरी टोपण तडकले असेल किंवा प्लगच्या खोबणीत पाणी वा तेल साचले असेल, तर ठिणगी आतली अवघड फट ओलांडण्याऐवजी बाहेरूनच इंजिनाच्या धातूत उतरते. म्हणून पावसाळ्यात, इंजिन धुऊन आणल्यावर किंवा वरच्या झाकणाचे गॅस्केट गळू लागल्यावर मिसिंग सुरू होते. बाहेर उडी मारलेली ठिणगी चिनी मातीवर काळी, बारीक रेघ सोडते. कार्बनची ही रेघ वीज वाहून नेते, त्यामुळे पुढच्या ठिणग्यांना आयती पायवाट मिळते. अशा वेळी फक्त प्लग बदलून भागत नाही. रबरी टोपणात तशीच रेघ राहिली तर नवा प्लगही काही दिवसांत तीच वाट धरतो.

सीएनजीवाल्यांची अडचण

मुंबई, पुणे, नाशिकमध्ये सीएनजीवर धावणाऱ्या गाड्यांची आणि रिक्षांची संख्या मोठी आहे. त्यांच्याकडे मिसिंगची तक्रार लवकर येते, याला कारण आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त तापमान लागते आणि ठिणगीसाठी व्होल्टेजही जास्त लागते. पेट्रोलवर आणखी काही महिने चालला असता, असा प्लग सीएनजीवर आधीच हात टेकतो.

पण याच गाड्यांना एक फुकटची चाचणीही मिळालेली आहे. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून पाहायची. दोन्हींवर आचके येत असतील तर संशय प्लग, कॉइल किंवा इंजिनाच्या आतल्या भागांवर. फक्त पेट्रोलवर येत असतील तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर तपासावेत. फक्त सीएनजीवर येत असतील तर गॅसचे फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर तपासायचे, पण त्याआधी प्लग बघायचे. कारण अशक्त ठिणगी पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते.

लुकलुकणारा दिवा काय सांगतो?

सिलिंडर चुकला हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळते कसे? सिलिंडरच्या आत डोकावणारे यंत्र बहुतेक गाड्यांत नसते. कॉम्प्युटर फक्त क्रँकशाफ्टची नाडी बघतो. क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असते. अनेक गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा आणि खूण म्हणून दोन दाते गाळलेले असतात. शेजारचा सेन्सर प्रत्येक दाता सरकायला लागलेला वेळ मोजतो. प्रत्येक जाळासोबत चाकाला बारीक धक्का मिळतो आणि ते किंचित वेगावते. एखादा धक्का चुकला की चाक किंचित मंदावते. कोणत्या क्षणी मंदावले, यावरून कोणता सिलिंडर चुकला हे समजते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणारे धक्केही क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचतात आणि हा हिशेब बिघडवू शकतात. त्यामुळे रस्ता फार खराब आहे असे वाटले तर काही गाड्यांचा कॉम्प्युटर ही मोजणी तात्पुरती थांबवतो.

गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची ही व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतातही आजच्या गाड्यांत ती असते. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावला की कोड दिसतात. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. पी ०३०० म्हणजे एकच असा सिलिंडर नाही, निरनिराळे चुकत आहेत.

दिवा नुसता लागून राहणे आणि लुकलुकणे यात फरक आहे. लागून राहिला तर दोष नोंदला गेला आहे, लवकर दाखवून घ्या, असा अर्थ. लुकलुकत असेल तर मिसिंग इतके आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. अशा वेळी जोर कमी करून सुरक्षित जागी थांबावे, हे बरे.

स्कॅनर नाव सांगतो, कारण नाही

‘पी ०३०३’ असा कोड आला की तिसऱ्या सिलिंडरचा काहीतरी दोष आहे एवढेच कळते. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही, तसे. तरीही अनेकदा कोड बघून प्लग, कॉइल, इंजेक्टर, सेन्सर असे सगळे एका दमात बदलले जाते. दोष गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही. नाही गेला तर पैसेही गेलेले असतात.

याहून साधी आणि शास्त्रीय रीत म्हणजे अदलाबदल. बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. कोड पुसायचा आणि गाडी पुन्हा त्याच चढावर न्यायची. आता पी ०३०१ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच गुन्हेगार. पुन्हा पी ०३०३ आला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगवर, त्यानंतर इंजेक्टरवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे पैसे वाचवतो. यात खर्च होतो तो वेळेचा आणि थोड्या इंधनाचा.

काढलेला प्लग स्वतःही बरेच सांगतो. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण ठीक आहे. काजळीसारखा कोरडा काळा थर असेल तर इंधन जास्त जाते आहे. पांढरट, फोड आल्यासारखा दिसत असेल तर तिथे उष्णता फार आहे. चिकट तेल असेल तर इंजिन ऑइल आत झिरपते आहे. पेट्रोलने ओला असेल तर इंधन येते आहे, पण पेटत नाही. चारही प्लग काढून क्रमाने मांडून ठेवावेत. त्यात एक वेगळा दिसला की तपासाची दिशा मिळते.

कॉइलच्या बाबतीत एक पंचाईत असते. तिच्या आतल्या आवरणाला गेलेली बारीक चीर थंड असताना मिटलेली असते आणि तापल्यावर उघडते. त्यामुळे सकाळी गाडी उत्तम, तासाभराने घाटात आचके आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुन्हा ठीक, असा लपंडाव चालतो. अशी गाडी थंड इंजिनावर तपासून उपयोग नसतो.

ठिणगी ठीक, मग इंधन?

जोर लावताना इंधनाची मागणी कित्येक पटींनी वाढते. टाकीतला पंप दमला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर शांत चालताना पुरवठा पुरतो, चढावर अपुरा पडतो. याची खूण थोडी वेगळी असते. ठिणगी चुकते तेव्हा बहुधा तुटक, तीक्ष्ण झटके बसतात. इंधन कमी पडते तेव्हा गाडी जणू मागून कोणी ओढून धरल्यासारखी मरगळते. शिवाय पंप सगळ्या सिलिंडरना इंधन देतो, त्यामुळे एकाच सिलिंडरचा कोड न येता पी ०३०० येण्याची शक्यता जास्त. उभ्या गाडीत इंधनाचा दाब तपासून भागत नाही. दाबमापक जोडून जोर लावतानाच तो टिकतो का, हे पाहावे लागते.

अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत इंधनाचाच संशय घ्यावा. इथेनॉल पाणी शोषते, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच खेचतो. इंधन भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर तेही मेकॅनिकला आवर्जून सांगावे.

हवेच्या नळीतली गळतीही मिसिंग घडवते, पण तिचा स्वभाव उलटा. इंजिन शांत चालताना ती जास्त त्रास देते, कारण तेव्हा आत जाणाऱ्या थोड्याशा हवेत चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा असतो. वेग घेतल्यावर तो नगण्य होतो. त्यामुळे उभ्या गाडीत थरथर आणि पळताना ठीक, असे असेल तर प्लगऐवजी नळ्या तपासाव्यात. याला अपवाद हवेच्या जाड रबरी नळीचा. जोर लावताना इंजिन आपल्या आधारांवर किंचित कलते आणि तेवढ्यात नळीची मिटलेली चीर उघडते. बोनेटखाली मुक्काम करणाऱ्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच यादीतल्या.

एवढे करूनही तोच सिलिंडर चुकत राहिला तर दाब तपासतात. प्लगच्या जागी मापक बसवून इंजिन स्टार्टरने फिरवतात आणि सर्व सिलिंडरचे आकडे ताडून पाहतात. एकाचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नसावेत किंवा गॅस्केट गेले असावे. हे काम खर्चिक, म्हणून ते शेवटी. आधी स्वस्त आणि शक्य ते, मग महाग आणि दुर्मीळ, हा क्रम डॉक्टरांच्या तपासण्यांतही असतो.

फसवणारा सेन्सर

या तपासात एक सापळा आहे. धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. सिलिंडर चुकला की त्यातले इंधन जळत नाही, तसाच त्यातला ऑक्सिजनही वापरला जात नाही. दोन्ही बाहेर पडतात. सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो, इंधन दिसत नाही. तो सांगतो, ‘हवा जास्त आहे, इंधन कमी पडतेय.’ कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून इंधन वाढवतो. आधीच कच्चे पेट्रोल बाहेर जाते आहे, त्यात भर. स्कॅनरवरही ‘मिश्रण पातळ’ असा कोड येऊ शकतो. तो बघून कोणी पंप किंवा सेन्सर बदलला, तर मूळ दोष, म्हणजे झिजलेला प्लग, जागच्या जागी. म्हणून मिसिंगचा कोड आणि पातळ मिश्रणाचा कोड सोबत आले तर आधी मिसिंगचा छडा लावावा.

खिशाचा आणि फुप्फुसांचा प्रश्न

‘चालतेय तोवर चालवू’ हा विचार इथे महागात पडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. धुरातले विषारी वायू इथे बरेचसे निरुपद्रवी होतात. मिसिंग होते तेव्हा न जळलेले इंधन आणि न वापरलेला ऑक्सिजन एकत्र या तापलेल्या जाळीत येतात आणि तिथेच पेटतात. तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. जाळी वितळते, तुंबते, मग धूर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गाडी आणखी मंदावते. अशी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर उभी केली तर गवत पेटण्याचाही धोका असतो. काही शे रुपयांचा प्लग टाळल्याने हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो. शिवाय कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खालच्या ऑइलमध्ये मिसळते, त्याने इंजिन लवकर झिजते.

दुसरी किंमत इतरांनाही मोजावी लागते. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. पण ज्याच्या जोरावर धूर स्वच्छ राहतो तो कन्व्हर्टरच निकामी झाला, तर नवी गाडीही जुन्यासारखीच धूर ओकते. कच्च्या इंधनातल्या हायड्रोकार्बनमध्ये बेन्झिन असते, आणि ते कर्करोगकारक आहे. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. दम्याच्या रुग्णांना तो विशेष त्रासदायक. कॉम्प्युटरने फसून इंधन वाढवले की बाकीच्या सिलिंडरमधून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला ना रंग, ना वास. मिसिंग मारणारी गाडी बंद गॅरेजात चालू ठेवून तपासणे जिवावर बेतू शकते.

आणि पीयूसी? प्रमाणपत्र हातात असले म्हणजे गाडी निर्दोष, असे नाही. ही तपासणी उभ्या गाडीवर, इंजिनावर भार नसताना होते. फक्त घाटात चुकणारा सिलिंडर तिथे पास होऊन जातो.

तिसरा धोका सर्वात जवळचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना चालकाने गाडीच्या ताकदीचा अंदाज बांधलेला असतो. त्याच क्षणी सिलिंडर चुकला तर दोन-तीन सेकंदांचा उशीर होतो आणि तेवढ्यात समोरची गाडी पन्नास-साठ मीटर जवळ आलेली असते. मिसिंगची पहिली चुणूक दिसली की दुरुस्ती होईपर्यंत ओव्हरटेक नाही, हा नियम स्वतःपुरता करून टाकावा.

वाटेत काय करावे?

घाटात आचके सुरू झाले तर ॲक्सिलरेटर आणखी दाबण्याचा मोह होतो. तसे केल्याने सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दोष बळावतो. पाय हलका करावा आणि खालचा गिअर टाकावा. इंजिन जास्त फेरे घेईल, पण प्रत्येक फेऱ्याला कमी जोर लावेल, त्यामुळे ठिणगीवरचा ताण उतरतो. डावी बाजू धरून, गरज पडल्यास धोक्याचे दिवे लावून सुरक्षित जागेपर्यंत जावे.

घरी बोनेट उघडणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. चालू इंजिनात कॉइल किंवा वायर उपटून कोणता सिलिंडर मेला ते शोधण्याची जुनी युक्ती नव्या गाड्यांत करू नये. शॉक बसतो, कॉइल आणि कॉम्प्युटर बिघडू शकतात आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनावर वाकू नये. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल फवारणे म्हणजे आगीला आमंत्रण. प्लग नेहमी थंड इंजिनातच काढावा, नाही तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. नवा प्लग कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचा आणि फटीचा असावा. साध्या प्लगचे आयुष्य काही दहा हजार किलोमीटर, इरिडियमचे त्याहून बरेच जास्त असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

गॅरेजमध्ये जाताना ‘गाडी मिसिंग मारते’ एवढे सांगून थांबू नये. चांगला डॉक्टर आधी रुग्णाचे म्हणणे ऐकतो, कारण निम्मे निदान त्यातच असते. पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात :

- त्रास कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला आणि किती चढावर होतो?
- इंजिन थंड असताना, की तापल्यावर?
- पेट्रोलवर, सीएनजीवर, की दोन्हींवर?
- पाऊस, इंजिन धुणे किंवा इंधन भरणे यानंतर सुरू झाला का?
- इंजिनचा दिवा लागून राहतो की लुकलुकतो?
- प्लग शेवटचे कधी, किती किलोमीटरला बदलले?

आणि शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून जवळच्या एखाद्या चढावर गाडी न्यावी. स्कॅनर जोडलेला असताना, त्याच गिअरमध्ये, त्याच जोराने. गॅरेजच्या दारात जे तासभर सापडत नाही, ते तिथे पाच मिनिटांत स्क्रीनवर दिसते. मग पुढच्या वेळी कसाऱ्याच्या वळणावर आजीला पेट्रोलची चौकशी करावी लागणार नाही.